मुलाची नजर मुलावर
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षेतील गुण, शिष्यवृत्ती, दहावीनंतरचे प्रवेश या विषयांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जावेच. मी मात्र आज बालवाडीपासून दुसरीपर्यंतच्या मुलांविषयी बोलणार आहे, आणि तेही त्यांच्या अभ्यासाविषयी नाही. चार माणसांत कसे वागावे, आपली पाळी येईपर्यंत कसे थांबावे, हवे ते कसे मागावे, नको ते कसे नाकारावे आणि भांडण झाले तर ते कसे मिटवावे, या गोष्टी लहान मूल कशा शिकते आणि आपल्या वागण्यावर आपली आपण नजर कशी ठेवू लागते, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या समाजात अदब या शब्दाला मोठे वजन आहे. घरी पाहुणे आले की मुलाने सलाम करावा, मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये, ताटात पडेल ते मुकाट्याने खावे, अशी आपली अपेक्षा असते. ती योग्यच आहे. पण शाळेत आम्हांला या चित्राची दुसरी बाजू दिसते. अब्बा फाटकापर्यंत सोडायला आले की जो मुलगा गाईसारखा गरीब असतो, तोच अब्बांची मोटारसायकल वळणाआड गेली की दुसऱ्याची टोपी ओढून पळत सुटतो. त्या मुलात खोट आहे असे मी म्हणणार नाही. त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम आजवर आपण सगळ्यांनी केले. ते त्याच्याकडे कधी सोपवलेच गेले नाही.

याउलट काही मुले पहिलीत येतात ती महिना-महिना तोंडच उघडत नाहीत. घरात आपली कोकणी बोली किंवा उर्दू, आणि वर्गात पुस्तकी मराठी. शेजारच्याने पेन्सिल घेतली तरी बोलत नाहीत, लघवीला जायचे असले तरी विचारत नाहीत. पालकांना सांगावे तर ते कौतुकाने म्हणतात, "सर, आमची मुलगी कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." पालकांनो, मला यात कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. "ती पेन्सिल माझी आहे, परत दे," एवढे जिला म्हणता येत नाही, तिच्याशी उद्या एखादा मोठा माणूस वावगे वागला तर ती घरी येऊन कोणत्या शब्दांत सांगणार? मुलांच्या संरक्षणासाठी 2012 साली स्वतंत्र कायदा झाला, पण कायद्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी आधी मुलाला बोलता आले पाहिजे.

गप्प बसणे म्हणजेच अदब, हे आपण कोठून शिकलो ते मला कळत नाही. हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग आहे. हुजूर (स.) यांच्या उजव्या हाताला एक लहान मुलगा बसला होता आणि डाव्या हाताला वयोवृद्ध मंडळी. पेय आले. स्वतः प्यायल्यावर उजवीकडच्याला देण्याची रीत. म्हणून त्यांनी त्या मुलाला विचारले, की या वडीलधाऱ्यांना आधी दिले तर चालेल का? मुलाने नकार दिला, आपल्या वाट्याचा हा मान आपण कोणाला देणार नाही असे सांगितले, आणि पेला त्याच्याच हातात देण्यात आला. कोणी त्याला दटावले नाही. मुलाची पाळी ही खरोखर त्याची पाळी मानली गेली. सूरह नूरमध्येही वयात न आलेल्या मुलांनी दिवसातून तीन वेळा, म्हणजे फजरच्या नमाजपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर, परवानगी घेऊन आत यावे असे सांगितले आहे. दाराशी थांबणे आणि विचारणे, हे काम त्या लहान जिवावर सोपवलेले आहे.

आता हे घरी करायचे कसे? यासाठी वेगळा वर्ग नको की पुस्तक नको. ईदच्या दिवशी आपण शेजारी शीरखुर्मा पाठवतो. बहुतेक घरांत ते काम मोठ्या मुलाकडे जाते, कारण लहान सांडेल. यंदा सहा वर्षांच्या मुलाला पाठवा, हवे तर वाटी अर्धीच भरा. निघण्यापूर्वी त्याला सूचनांची यादी देऊ नका, त्यालाच विचारा, "तिथे गेल्यावर तू काय करशील?" तो म्हणेल, "वाटी देईन." "आधी काय करशील? दार लावलेले असेल तर? काकू कामात असल्या तर?" एकेक करून तो स्वतःच सांगेल, की कडी वाजवीन, थांबेन, अम्मीने पाठवलाय म्हणून सांगेन, वाटी परत घेऊन येईन. काकू रिकामी वाटी परत देत नाहीत, त्यात चिमूटभर साखर तरी घालतात. ती घेताना काय म्हणायचे हेही त्याच्याच तोंडून येऊ द्या. परत आल्यावर एवढेच विचारा, "काय काय झाले?" "नीट वागलास ना?" असे मात्र विचारू नका. या वयाचे मूल त्यावर नेहमी होच म्हणते, आणि ते खोटे बोलत नसते, त्याला तसेच वाटत असते. काय झाले हे सांगता सांगता तोच मध्ये थांबेल आणि म्हणेल, "अम्मी, मी कडी न वाजवताच आत गेलो." हे वाक्य ज्या दिवशी त्याच्या तोंडून येईल, त्या दिवशी त्याला रागावू नका. तुम्ही ज्याची वाट पाहत होता ते हेच.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की 1934 साली वारले, पण त्यांचे एक निरीक्षण आजही आम्हा शिक्षकांच्या कामी येते. लहान मूल अवघड काम करताना स्वतःशीच मोठ्याने बोलते. आधी मोठ्यांनी सांगितलेले असते, मग मूल तेच स्वतःला ऐकवते, आणि हळूहळू ते बोलणे आत जाऊन त्याचा विचार बनतो. म्हणून वाटी घेऊन निघालेला मुलगा वाटेत पुटपुटत असला तर हसू नका.

याच विचारावर अमेरिकेत एलेना बोड्रोवा आणि डेबोरा लिओंग या दोन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी बालवर्गांसाठी एक पद्धत तयार केली. त्यातील एक युक्ती मी पहिलीच्या वर्गात वापरतो. दोन मुले जोडीने चित्रांचे पुस्तक घेऊन बसतात. सांगणाऱ्याच्या हातात ओठांचे चित्र, ऐकणाऱ्याच्या हातात कानाचे. मग अदलाबदल. "ऐक, मध्ये बोलू नको," असे पन्नास वेळा सांगून जे साधत नाही ते पुठ्ठ्याचा एक कान साधतो, कारण बोलण्याची हुक्की आली की मूल हातातल्या चित्राकडे पाहते आणि थांबते. पहिल्या आठवड्यात कानावरून मारामाऱ्या झाल्या, सगळ्यांना ओठच हवे होते. दीड महिन्यानंतर चित्रे दप्तरांखाली पडून राहू लागली आणि मुले त्यांच्याशिवाय पाळी सांभाळू लागली. मघाशी सांगितलेली न बोलणारी मुलेही ओठ हातात आले की दोन शब्द बोलतात, कारण त्या वेळी बोलणे हे त्यांचे नेमून दिलेले काम असते. सुरुवातीला ती बोली भाषेतच बोलतात. बोलू द्यावे. मराठी मागाहून येते.

भांडणाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. गोट्यांवरून दोन मुलांत झटापट होते. संध्याकाळी एकाची अम्मी दुसऱ्याच्या दारात जाते, रात्री दोघांचे अब्बा मशिदीबाहेर बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी मुले पुन्हा एकत्र गोट्या खेळत असतात, पण दोन घरांचे बोलणे वर्षभर बंद! हे आपल्या मोहल्ल्यात घडत नाही असे कोणी म्हणणार नाही. स्वित्झर्लंडमधील जाँ पियाजे यांनी तर मुलांच्या गोट्यांच्या खेळावरच अभ्यास करून 1932 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. लहान मुलांना खेळाचे नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात. पुढे आपापसांत खेळता खेळता त्यांना उमगते, की नियम सर्वांच्या संमतीने ठरतात आणि संमतीनेच बदलतात. ही समज बरोबरीच्या मुलांशी घासाघीस करूनच येते. रक्त निघाले, किंवा अनेकांनी मिळून एकाला छळले, तर मोठ्यांनी मध्ये पडलेच पाहिजे. एरवी दोघांना समोरासमोर बसवून एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचे, एवढे करावे. निवाडा देऊ नये.

काही पालक विचारतात, चांगल्या वागण्याची वही ठेवून तारे द्यावेत का? वही ठेवा, पण ती मुलाची असू द्या. लिहिता येत नसेल तर त्याने रंगाने ठिपका द्यावा. ताऱ्यावर चॉकलेट देऊ नका. 1973 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांना बक्षीस कबूल करून चित्रे काढायला लावली. पुढे एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच मुले, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा बरीच कमी चित्रे काढताना आढळली. सलामाचे तसे व्हायला नको. मुहासबा हा आपला जुना शब्द आहे, स्वतःचा हिशेब स्वतः घेणे. तो हिशेब दुसऱ्याला दाखवून मोबदला मागण्यासाठी नसतो.

आपल्यापैकी अनेक घरांतील वडील आखातात आहेत. त्यांचा फोन येतो, पडद्यावर मूल दिसते, आणि प्रश्न ठरलेला असतो, "अभ्यास केलास का? अम्मीला त्रास देत नाहीस ना?" मूल "हां" म्हणते आणि पळते. त्याऐवजी विचारून पाहा, "आज कोणाबरोबर खेळलास? काही बिनसले का? मग तू काय केलेस?" पहिल्या चार दिवसांत उत्तर मिळणार नाही. पाचव्या दिवशी फोन ठेवणे कठीण होईल. आणि दहावी-बारावीतील विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही घरातले भाईजान आणि आपा आहात. धाकट्याला टपली मारून गप्प करण्याऐवजी हेच प्रश्न तुम्हीही विचारू शकता. तुमचे तो आमच्यापेक्षा लवकर ऐकतो.

कान आणि ओठांची चित्रे पहिलीच्या वर्गात टेबलावर ठेवली आहेत. घरी करायची असल्यास जुना पुठ्ठा आणि खडू पुरतात. चहापानानंतर ज्यांना पाहायची असतील त्यांनी अवश्य यावे, आणि मुलांनाही बरोबर आणावे, कारण ती कशी वापरायची ते मुलेच सांगतील.