शंका विचारायची जागा

माझी बी. ए. मी भोसरीच्या एका कारखान्यात नोकरी करता करता केली. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले आणि आमच्यासारख्या शिफ्टवाल्यांची सोय झाली. पुस्तके घरी वाचायची आणि ठरलेल्या रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जायचे. शनिवारची नाइट संपवून, तोंडावर पाणी मारून मी तिथे जाऊन बसत असे.

एकदा वृत्तांचा तास होता. ‘पुष्प’ या शब्दातला ‘पु’ गुरू, असे सरांनी सांगितले. पुढे जोडाक्षर आहे म्हणून. मग ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघू कसा? त्याच्यापुढेही जोडाक्षर आहेच की! प्रश्न जिभेवर आला आणि तिथेच थांबला. घरात आम्ही दखनी बोलतो. मुसलमानाच्या पोराने मराठी वृत्ताची शंका काढली तर पुढच्या बाकावरचे हसतील, असे वाटले. तिथे कधी कुणी हसले नव्हते, हेही सांगायला हवे. भीती माझीच होती. उत्तर मिळाले चार-पाच वर्षांनी, एका कविसंमेलनानंतर चहा पिताना. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होते. ‘तुझ्या’मध्ये तो पडत नाही. सांगायला अर्धे मिनिट लागले. मधल्या काळात लिहिलेल्या गझला मी फाडून टाकल्या.

हे आठवले ते भाच्यामुळे. तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे आणि ‘स्वयम्’वर एक अभ्यासक्रम करतो. केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये सुरू केलेले हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ. व्हिडिओवरचे व्याख्यान, वाचायचे साहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकासमाधानासाठी चर्चेची जागा, असे त्याचे चार भाग. शिकणे फुकट; प्रमाणपत्र हवे तर फी भरून केंद्रावर परीक्षा द्यायची. भाचा व्याख्याने कंपनीच्या बसमध्ये ऐकतो. नाशिक रस्त्यावरची वाहतूक त्याला त्यासाठी भरपूर वेळ देते!

त्याची गाडी अडली चौथ्या भागात. “मामू, सबके सामने लिखना पडता,” म्हणाला. मला हसू आले नाही.

अशा चर्चेच्या जागांत हळूहळू बऱ्याच सोयी आल्या आहेत. महाविद्यालये वापरतात त्या ‘मूडल’ नावाच्या प्रणालीत शिक्षक अशी व्यवस्था करू शकतो की, स्वतःचे उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरे दिसतच नाहीत. म्हणजे शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे बंद. कुणी उत्तर दिले की ईमेलवर कळवले जाते. आणि लिहिलेले दुरुस्त करायला सहसा अर्धा तास मिळतो. मला ही शेवटची सोय फार आवडली. बोललेला शब्द मागे घ्यायला अर्धा तास कोण देतो?

‘मूडल’ची पहिली आवृत्ती २००२ साली आली. ती करणारे मार्टिन डुगियामास हे ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात वाढले आणि लहानपणी चक्क रेडिओवरून शिकले. तिकडे १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्जला अशी शाळा सुरू झाली होती. तो रेडिओ दुतर्फा. दूरच्या वस्तीवरचे मूल बाईंना उलट प्रश्न विचारू शकत असे. आता मी तुमच्याशी बोलतो आहे, पण तुमचा प्रश्न मला ऐकू येत नाही. फरक तेवढाच, आणि तो मोठा आहे.

सोयी कितीही असोत, पलीकडे उत्तर देणारे माणूस लागते. नाहीतर ती जागा पोस्टमन फिरकत नाही अशा टपालपेटीसारखी. भाच्याची अडचण आणखी वेगळी होती. माझी भीती मराठीची, त्याची इंग्रजीची. दोनदा लिहिले, दोनदा पुसले. मी म्हटले, तुझ्या मोडक्या इंग्रजीत लिही, कळल्याशी कारण.

त्याचा प्रश्न असा होता: कंट्रोल चार्टवरच्या मर्यादा आणि ड्रॉइंगवरचा टॉलरन्स एकच का? दुसऱ्या दिवशी एका अनोळखी विद्यार्थ्याचे उत्तर आले. ड्रॉइंगवरची मर्यादा गिऱ्हाईक ठरवते. चार्टवरची मर्यादा मशीनमधून निघालेल्या मापांवरूनच काढतात. त्यामुळे मशीन अगदी स्थिर चालत असले, तरी सगळे नग रिजेक्ट होऊ शकतात. खाली आणखी तिघांनी लिहिले होते की, हीच शंका आम्हालाही होती.

भाच्याने ते मला दोनदा वाचून दाखवले. मग विचारले, “मामू, इन दोनों को मराठी में क्या बोलते?”

मी म्हटले, मर्यादाच. दोन्हींना. म्हणून तर घोटाळा होतो. त्याने मोबाइल उघडला आणि हेही तिथे लिहू का, म्हणून विचारू लागला.