नळाचे पाणी आणि नदीचा मासा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, मुलांचे शिक्षण किंवा घरखर्च यांवर बोलावे, अशी आपली प्रथा आहे. मी मात्र आज माशांचा विषय घेतला आहे. काहीजणी मनात म्हणतील, 'त्यात बोलायचे काय? दादरच्या बाजारात जावे आणि वाटा घेऊन यावे!' पण मी बोलणार आहे ती नदीतल्या माशांविषयी, आणि त्यांचा संबंध आपल्या नळाशी आहे.

पहाटे नळाला पाणी आले की पिंपे भरण्याची आपली धांदल उडते. त्या घाईत हे पाणी आले कोठून, हे आठवायला सवड कोणाला? पूर्वी गिरगाव-परळची तहान विहिरी आणि तलाव भागवीत. ते पुरेनात म्हणून 1860 साली विहार तलाव झाला. पुढे 1879 साली तुळशी आणि 1892 साली तानसा झाले. मग शहराने वैतरणेकडे हात पसरला. 1957 साली मोडकसागर झाला, 1973 साली त्याच्या वरच्या अंगाला अप्पर वैतरणा झाले आणि 2014 साली मध्य वैतरणा. या शेवटच्या धरणाची भिंत सुमारे 102 मीटर उंच आहे. भातसेचे पाणीही आपल्याला मिळते. आज मुंबईला रोज जवळजवळ 400 कोटी लिटर पाणी लागते. ज्या इंजिनियरांनी आणि मजुरांनी ही कामे केली, त्यांचे आपल्यावर ऋण आहे. धरणे नकोत, असे म्हणणे आपल्या तोंडी शोभणार नाही.

पण नदीत आपल्याआधी राहणारे कोणी होते. माझे माहेर वाडा तालुक्यातले. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्याकडे वलगण लागते, म्हणजे मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात. अंडी घालायला त्यांना वरची उथळ, वाहती, गोटे-वाळूची जागा हवी असते. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी जाते, तशीच ही वाट समजा. नदीतला सापासारखा लांब वाम तर उलटा प्रवास करतो. तो समुद्रात जाऊन अंडी घालतो आणि त्याची पिल्ले खाडीतून नदी चढून येतात. आता अशा वाटेत भिंत उभी राहिली तर काय होईल, हे बायकांना सांगायला नको.

भिंतीच्या वर वाहती नदी जाऊन खोल, स्थिर पाणी होते आणि अंड्यांचे गोटे त्याखाली बुडतात. भिंतीच्या खाली उन्हाळ्यात पाणी सुटलेच नाही तर डोह आटतात, आणि पावसाळ्यात दरवाजे एकदम उघडले तर अंडी-पिल्ले वाहून जातात. नदीचे गोडे पाणी कमी आले की खाडीतल्या माशांच्या पिल्लांनाही ते जाणवते. म्हणजे शेवटी हा प्रश्न कोळणीच्या पाटीपर्यंत येऊन पोहोचतो.

याच वैतरणेवर, मोडकसागराच्या खालच्या अंगाला, तिळसे गावी तिळसेश्वराचे देऊळ आहे. देवळापाशी डोहात महाशीर मासे आहेत. ते देवाचे म्हणून गावकरी मारीत नाहीत. महाडकडे काळ नदीवर वाळणकोंडीलाही हाच रिवाज आहे. आपल्या साध्यासुध्या माणसांनी कायद्यावाचून हे मासे राखले. पण देवाच्या नावाने मासा राखता येतो. डोहात पाणीच राहिले नाही तर देव तरी काय करील?

कोणी म्हणेल, मासे वाढवून सोडता येतात. तेही झाले आहे. लालबाग-परळच्या गिरण्या ज्या टाटांच्या विजेवर चालत, त्या विजेसाठी लोणावळ्याला तलाव बांधले होते. तेथे 1970 नंतर महाशीर माशांची पैदास सुरू झाली, आणि पिल्ले दूरदूरच्या राज्यांत पाठविली गेली. काम मोठ्या कष्टाचे होते. परंतु कावेरीची मूळची महाशीर निराळी, वशिंड असलेली. तेथे ही दुसरी जात सोडल्यावर मूळची मागे पडत गेली, आणि आज ती नाहीशी होण्याच्या बेतात आहे. तेव्हा मासे सोडणे हा नदी राखण्याला पर्याय होत नाही. ज्या नदीचा मासा, त्या नदीतच तो जगला पाहिजे.

हे आजच सांगण्याचे कारण असे की, वाडा तालुक्यात गारगाई नदीवर नवे धरण बांधण्याची महापालिकेची योजना आहे. तेथून रोज 44 कोटी लिटर पाणी मिळेल, असा अंदाज आहे. तानसा अभयारण्याचे रान त्यात जाणार आहे. झाडांची आणि उठणाऱ्या गावांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पाण्याखालच्या जिवांचे नाव मात्र फारसे कोणी काढीत नाही.

आपण तीन गोष्टी मागू शकतो. पहिली, भिंतीचे काम सुरू होण्यापूर्वी त्या नदीत कोणते मासे आहेत आणि ते कोठे अंडी घालतात, याची निदान एक वर्षभर, सर्व ऋतूंत नोंद व्हावी. दुसरी, धरणाखाली बारा महिने पाणी वाहते राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली सांगितलेच आहे की, कोरड्या दिवसांतील सरासरी प्रवाहाच्या किमान 15 ते 20 टक्के पाणी नदीत राहिले पाहिजे. तिसरी, शेजारचा एखादा ओढा किंवा उपनदी बांधाशिवाय मोकळी ठेवावी, म्हणजे वलगणीला एक वाट तरी उघडी राहील. इतक्या उंच भिंतीला माशांसाठी पायऱ्या करून भागत नाही. म्हणून विचार आधीच व्हायला हवा.

आणि मागणी करणाऱ्याने आपले घरही पाहावे. काल भरलेले पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतून देण्याची आपली सवय सोडली पाहिजे. चाळीच्या टाकीतून वाहून जाणारे पाणी म्हणजे कोणाच्या तरी डोहातले पाणी होय. समुद्रात जून-जुलैची मासेमारीबंदी आपण मानतो आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहतो. नदीच्या माशालाही तेवढाच मान दिला पाहिजे.

या तीन मागण्यांचे पत्र मंडळातर्फे विभाग कार्यालयात द्यावे, अशी माझी सूचना आहे. पत्राखाली सही करायला आपण सर्वजणी पुढे याल, अशी आशा बाळगते आणि आपली रजा घेते.