ग्रीनवुड : जिद्द त्यांची, देणे कोणाचे?



अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात टल्सा हे शहर आहे. वर्णभेदाच्या कायद्यांनी तेथील कृष्णवर्णीयांना शहराच्या एका भागात लोटले होते. त्याच ग्रीनवुड वस्तीत त्यांनी दुकाने, हॉटेले, नाट्यगृहे आणि वृत्तपत्रे उभी केली. ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी सशस्त्र गोऱ्या जमावाने ही वस्ती लुटली व जाळली. बाराशेंहून अधिक घरे भस्मसात झाली. मृतांची संख्या ३०० पर्यंत असावी, असा अंदाज आहे.

आग विझली, अन्याय मात्र थांबला नाही. जळलेल्या भागात यापुढे केवळ अग्निरोधक बांधकामच करावे, असा नियम नगरप्रशासनाने आठवडाभरातच केला. सर्वस्व गमावलेल्यांना तो खर्च झेपणार नाही आणि मोक्याची जमीन आपोआप मोकळी होईल, हा त्यामागील हिशेब होता. विमा कंपन्यांनी ‘दंगली’तील नुकसान करारात बसत नाही म्हणून हात झटकले. हत्याकांडाला दंगल म्हणणे कोणाच्या सोयीचे होते, हे येथे उघड होते.

अशा वेळी बी. सी. फ्रँकलिन या कृष्णवर्णीय वकिलाने तंबूत कचेरी थाटली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नियम न्यायालयात रद्द करवून घेतला. हजारो माणसांनी हिवाळा तंबूंत काढला आणि स्वतःच्या हातांनी घरे बांधली. १९२५ साली राष्ट्रीय कृष्णवर्णीय व्यापारी संघटनेचे अधिवेशन याच शहरात भरले. १९४२ पर्यंत ग्रीनवुडमध्ये दोनशेंहून अधिक व्यवसाय पुन्हा चालू लागले होते. पुढे ‘नागरी नूतनीकरणा’च्या नावाखाली, वस्तीच्या छातीवरून महामार्ग नेऊन, त्यांतील बहुतेक पुसून टाकण्यात आले. या वेळी जमावाची गरज पडली नाही, नकाशा पुरला.

ग्रीनवुडच्या जिद्दीचे गुणगान आज सर्वत्र होते. ते रास्तच आहे. परंतु या गुणगानाचा एक धोका आहे. माणसे स्वतःच उभी राहिली, तर मग त्यांचे देणे कशाला, असा निष्कर्ष त्यातून हळूच काढला जातो. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००१ साली भरपाईची शिफारस केली. तरीही हयात वृद्ध पीडितांचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

पीडितांची जिद्द ही त्यांची स्वतःची कमाई आहे. अपराध्यांच्या खात्यावरील कर्ज तिने फिटत नाही. ज्या समाजाला या जिद्दीचा खरोखर आदर आहे, त्याने टाळ्यांबरोबर हिशेबाची वहीही उघडली पाहिजे.