सहकार्याचे श्रेय आणि सहकार्याचे मोल



संगणकाच्या पडद्यावर ‘विद्यार्थी’ हा शब्द उमटतो, तेव्हा पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, द आणि य यांचे जोडाक्षर होते आणि रफार नेमका आपल्या जागी बसतो. ही जुळणी आपोआप होत नाही. जगातील बहुतेक मोबाइल फोनांत आणि संगणकांत ती ‘हार्फबझ’ नावाची प्रणाली करते. नाव फारसी आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे, मुक्त. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फहबोद हे तिचे मुख्य शिल्पकार असून, अनेक देशांतील जाणकारांनी तिच्यात भर घातली आहे. ती कोणीही विनामूल्य वापरावी, तपासावी आणि सुधारावी, अशी मुभा आहे. मराठी वाचकाने तिच्यासाठी कधी पैसा मोजलेला नाही, आणि बहुतेकांना तिचे नावही ठाऊक नाही.

अशा कामाला मुक्त स्रोत म्हणतात. ही रीत महाराष्ट्राला परकी नाही. एखाद्या शेतकऱ्याची नांगरट अडली, की गावकरी आपापले बैल आणि नांगर घेऊन एका दिवसात त्याचे शेत नांगरून देत. मालकाने सर्वांना जेवण द्यायचे, एवढाच व्यवहार. या रीतीला इर्जिक हे नाव आहे. कर्नाटकात परस्परांना श्रम देण्याच्या अशाच प्रथेला मुय्याळु म्हणतात. मात्र एक फरक मोठा आहे. इर्जिकीत मदत करणारा आणि मदत घेणारा एकमेकांना ओळखतात आणि आज केलेले उपकार उद्या फेडले जातात. सॉफ्टवेअरच्या इर्जिकीत शेत साऱ्या जगाचे असते, बैल मात्र मोजक्या चार जणांचे.

याचा परिणाम एप्रिल २०१४ मध्ये जगासमोर आला. संकेतस्थळांवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रणालीत ‘हार्टब्लीड’ नावाची गंभीर त्रुटी सापडली. बँका, दुकाने, सरकारी कार्यालये सर्वजण तिच्यावर विसंबून होते. तिचा सांभाळ करणाऱ्यांना वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या मात्र सुमारे दोन हजार डॉलरच्या घरात होत्या, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जवळजवळ एकच होता. कृतज्ञतेने पोट भरत नाही, हे तेव्हा साऱ्यांना उमगले.

या प्रश्नावर एक नवे उत्तर पुढे आले, ते ब्लॉकचेनचे. ब्लॉकचेन म्हणजे एकच खातेवही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवण्याची पद्धत. एका पानाची खूण पुढच्या पानात गुंफलेली असते, म्हणून जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये मांडलेल्या बिटकॉइनच्या आराखड्यातून ती प्रसिद्धीस आली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममुळे या वहीत कोणालाही स्वतःचे टोकन, म्हणजे विकता-घेता येणारे अंकीय नाणे, काढणे सोपे झाले. विचार सरळ होता. जो प्रकल्पात भर घालील त्याच्या नावावर टोकन जमा व्हावे, प्रकल्प वाढला की टोकनाचा भाव वाढावा आणि श्रमणाऱ्याला वाटा मिळावा.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटकॉइन’ने या दिशेने मोठा प्रयोग केला. त्यातील वाटपाचे गणित विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक देणगीचे वर्गमूळ काढायचे, सर्वांची बेरीज करायची आणि त्या बेरजेचा वर्ग करायचा. मग सामायिक निधीतून त्या प्रमाणात पैसा द्यायचा. एकाच धनिकाने शंभर रुपये दिले, तर उत्तर शंभर येते. शंभर जणांनी एकेक रुपया दिला, तर उत्तर दहा हजार येते. एका मोठ्या थैलीपेक्षा अनेकांच्या लहान मुठींना अधिक वजन देणारे हे सूत्र आहे. त्यातील धोकाही याच उदाहरणात दडला आहे. एकाच माणसाने शंभर खोटी नावे धारण केली, तर सूत्र फसते. म्हणूनच खऱ्या माणसाची ओळख पटवणे हे या प्रयोगाचे सर्वांत अवघड काम होऊन बसले.

या विचाराचे भारतातील मोठे केंद्र म्हणजे बेंगळुरू. इथेरियमवर काम करणाऱ्या तरुणांचा ‘ईथइंडिया’ हा मेळावा २०१८ मध्ये या नगरीत भरला आणि पुढेही भरत राहिला. लहान गावातून आलेल्या मुलाला या कल्पनेचे आकर्षण का वाटावे, हे समजणे कठीण नाही. तिथे ओळखपाळख लागत नाही, महाविद्यालयाचे नाव कोणी विचारत नाही. काम करावे आणि मोबदला मिळवावा, एवढेच.

प्रत्यक्षात काय घडले? २०२४ च्या प्रारंभी ‘टी’ नावाच्या योजनेने मुक्त प्रकल्प सांभाळणाऱ्यांना टोकन देण्याचे ठरवले. हेतू चांगला होता. परंतु प्रकल्पावर नाव लावण्यासाठी त्यात एक लहानशी फाइल घालावी लागे. मग ज्यांचा प्रकल्पाशी काडीचाही संबंध नव्हता, असे लोक ती फाइल घुसवण्यासाठी अर्जांचा पाऊस पाडू लागले. सार्वजनिक भांडारांत हजारो निरुपयोगी प्रणाली भरल्या गेल्या. ज्यांचे ओझे हलके करायचे, त्यांच्याच डोक्यावर ते वाढले. ऑक्टोबर २०२० मध्ये तर केवळ एका टी-शर्टापायी असेच झाले होते. चार सुधारणा सुचवणाऱ्याला टी-शर्ट मिळणार म्हणताच अनेकांनी, त्यांत भारतीय विद्यार्थीही बरेच होते, एखादा शब्द इकडचा तिकडे करून सुधारणा म्हणून पाठवला. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले.

दोष तंत्राचा नव्हे, मोजमापाचा आहे. कोणी काय लिहिले याची नोंद ठेवायला टोकनाची गरज नव्हतीच. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या ‘गिट’मध्ये प्रत्येक बदलावर कर्त्याचे नाव आणि दिनांक असतो, आणि मागील नोंदीशी तो गुंफलेलाही असतो. श्रेय तिथे आधीच होते. टोकनाने त्यात बाजारभावाची भर घातली. आणि जे मोजता येत नाही, ते भावाबाहेरच राहिले. दुसऱ्याची चूक शांतपणे दाखवून देणे, नवख्याच्या प्रश्नाला तिसऱ्यांदा उत्तर देणे, नको असलेली भर नम्रपणे नाकारणे, ही कामे वहीत नीटशी उमटत नाहीत, पण प्रकल्प त्यांवरच तगून असतो.

शिवाय टोकनाचा भाव श्रमाच्या हाती नसतो. गिटकॉइनने मे २०२१ मध्ये वाटलेल्या टोकनाचा भाव पुढे पार घसरला. काम तेवढेच, मोबदला मात्र बाजाराच्या लहरीवर. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का करकपातही. या वाटेला जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा.

त्याच बेंगळुरूत दुसरी एक वाटही दिसते. ‘झेरोधा’ या दलाली पेढीने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त प्रकल्पांसाठी दरवर्षी दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. तंत्रप्रमुख कैलाश नाध यांनी त्यामागची भूमिका मांडली. जी मुक्त प्रणाली वापरून उद्योग उभा राहिला, तिचे देणे फेडावे, हा तिचा गाभा. एका प्रकल्पाला दहा हजार ते एक लाख डॉलर मिळू शकतात. टोकन नाही, भावाचा चढउतार नाही. प्रकल्पाने आपली गरज मांडायची, जाणकारांनी काम वाचायचे आणि मग पैसा द्यायचा. यातही उणीव आहेच. निवड काही मोजक्या माणसांच्या हाती राहते, आणि दाता थांबला की ओघ थांबतो. ती उणीव दूर करण्यासाठीच तर टोकनाची कल्पना निघाली होती. दोन्ही वाटांना एकमेकींकडून शिकण्यासारखे आहे. वहीचा खुलेपणा पहिलीकडून घ्यावा, काम वाचून मगच मोल ठरवण्याची सवय दुसरीकडून.

शाळा साठ वर्षे उभी राहते, तेव्हा देणगीदारांची नावे फलकावर कोरली जातात, आणि ते उचितच असते. पण वर्गातल्या मागच्या बाकावरील मुलाला सुटीत बसून अपूर्णांक समजावणारी मैत्रीण कोणत्याही फलकावर नसते. उद्या येथील काही विद्यार्थी बेंगळुरूला जातील आणि अशाच एखाद्या प्रकल्पात पहिली भर घालतील. त्यांनी मोबदला जरूर घ्यावा, श्रमाचे दाम मागण्यात लाज नाही. मात्र काही पाठवण्यापूर्वी एकदा विचारावे, की हे टोकनासाठी आहे की प्रणाली सुधारण्यासाठी. आणि पहिली कमाई हाती येईल, तेव्हा ‘विद्यार्थी’ या शब्दाचा रफार जागेवर बसवणाऱ्यांसाठी त्यातला थोडा वाटा वेगळा काढावा.