बुलेटवाले, आरएक्सवाले, केटीएमवाले: ही निष्ठा नक्की कोणाशी?

(ऑडिओ एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत असाल तर आधी बाजूला घ्या, नाहीतर सरळ घरी जाऊन ऐका. विषय गाडीचाच आहे, पण गाडीवर ऐकायचा नाही.

गेल्या आठवड्यात कराडहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वय बावीस, पहिली नोकरी, रोज कामावर जायला-यायला गाडी पाहिजे. वडील म्हणतात स्प्लेंडर घे. चुलतभाऊ म्हणतो आपल्या घरात बुलेटच. कॉलेजचा ग्रुप सगळा केटीएमवाला, त्यांनी सांगितलंय, "दुसरं काय घेतलंस तर राईडला येऊ नको." पोरगं मला विचारतंय, "दादा, मी गाडी घेतोय की पक्षात प्रवेश करतोय?"

मी हसलो, पण प्रश्न खरा आहे. हप्ता तीन-चार वर्षांचा, पगार पहिला, आणि सल्ला देणाऱ्यांपैकी एकही जण हप्ता भरणार नाही. तर आज हेच बोलू. बाईकवाले कंपनीवर एवढा जीव का टाकतात, आणि तो जीव नक्की कशावर असतो?

सुरुवात आपल्या चाकणपासून करतो. रविवारी सकाळी लोणावळ्याकडे जाणारी गर्दी बघा. पल्सरवाले वेगळे, केटीएमवाले वेगळे, ट्रायम्फ घेतलेले जरा लांब उभे. एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवणं चालू. आता गंमत ऐका. पल्सर २००१ साली आली, ती बजाजची. ड्यूक २०० भारतात आली जानेवारी २०१२ मध्ये. केटीएम ऑस्ट्रियाची, पण बजाजने २००७ पासूनच तिच्यात हिस्सा घेतला होता आणि ही ड्यूक बनली चाकणला. ट्रायम्फ इंग्लंडची, पण २०२३ ची स्पीड ४०० बनते तीही बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. म्हणजे खोपोलीच्या घाटात जी तीन टोळकी एकमेकांकडे बघून नाक मुरडतात, त्यांच्या गाड्या एकाच गावच्या! आणि २०२४ च्या शेवटी ऑस्ट्रियात केटीएमवर दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जायची वेळ आली, तेव्हा २०२५ मध्ये पैसे घेऊन कोण धावलं? बजाज. "आपली केटीएम म्हणजे युरोपियन रक्त" म्हणणाऱ्यांनी अधूनमधून आकुर्डीच्या दिशेनेही नमस्कार करावा.

गाड्या सारख्याच आहेत, असं मी म्हणत नाहीये. पल्सर आणि ड्यूक चालवायला दोन वेगळी जनावरं आहेत. पण भांडण गाडीवरून होत नाही, टाकीवरच्या नावावरून होतं.

डर्ट बाईकच्या जगात तर हे प्रकरण रंगांवर गेलंय. मोटोक्रॉस बघणाऱ्यांना माहीत आहे: होंडा लाल, यामाहा निळी, कावासाकी हिरवी, सुझुकी पिवळी, केटीएम केशरी. तिकडे अमेरिकेत बाप केशरी तर पोरगं केशरी, लहान मुलांच्या ५० सीसीपासून सुरुवात. आता २०१३ साली केटीएमच्या मालकांनी हस्कवर्ना ही मूळची स्वीडनची कंपनी बीएमडब्ल्यूकडून घेतली. २०१९ मध्ये स्पेनची गॅसगॅस ताब्यात आली. तिन्हींच्या मोटोक्रॉस गाड्यांचं इंजिन आणि चेसिस बरंचसं एकच. फरक सस्पेन्शनच्या सेटिंगमध्ये, हँडलमध्ये, काही पार्टमध्ये, किमतीत आणि अर्थातच प्लास्टिकच्या रंगात. तरी लोक ठामपणे सांगतात, "केटीएम मला सूट होत नाही, मी हस्कवर्नाचा माणूस आहे." अरे बाबा!

आणि ज्यांचे पोस्टर आपण लावतो ते रायडर काय करतात? जेरेमी मॅकग्राने १९९३ ते १९९६ सलग चार वर्षं अमेरिकन सुपरक्रॉसचं टायटल होंडावर जिंकलं. १९९७ ला तो सुझुकीवर गेला, टायटल हुकलं. मग यामाहा घेतली आणि १९९८, १९९९, २००० पुन्हा तोच राजा. आपला सी. एस. संतोष बघा. २०१५ ची डकार रॅली केटीएमवर, २०१६ ची सुझुकीवर, २०१७ पासून हिरोच्या टीममध्ये. ज्याचं पोट गाडीवर आहे तो करार बघतो, टीम बघतो, सस्पेन्शन कोण सेट करणार ते बघतो. निष्ठा ठेवायचं काम प्रेक्षकांकडे! त्याच हिरोने पुढे २०२४ च्या डकारमध्ये रॉस ब्रांचच्या हाताखाली दुसरा नंबर काढला. भारतीय कंपनी पहिल्यांदाच डकारच्या पोडियमवर आली. पण "हिरो म्हणजे दूधवाल्याची गाडी" म्हणणाऱ्या किती जणांनी त्यानंतर मत बदललं? माझ्या ओळखीत तरी एकानेही नाही.

हिरो म्हटल्यावर कराडच्या मित्राच्या वडिलांकडे येऊ. कारण या सगळ्या विषयात मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट हीच आहे.

१९८४ साली हिरो आणि होंडा एकत्र आले. १९८५ ला सीडी १०० आली, १९९४ ला स्प्लेंडर. पुढची पंधरा-सोळा वर्षं कुठल्याही गावात, कुठल्याही पारावर विचारा, स्प्लेंडर का घेतली? उत्तर ठरलेलं: "होंडाचं इंजिन आहे." हिरोचं नाव कोणी घ्यायचं नाही. हिरो म्हणजे सायकल, होंडा म्हणजे इंजिन. मग डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं. २०११ मध्ये कंपनीचं नाव हिरो मोटोकॉर्प झालं आणि होंडा स्वतंत्रपणे, जोरात, समोरासमोर मैदानात उतरली.

आता जर लोकांची निष्ठा खरंच होंडावर असती, तर काय व्हायला पाहिजे होतं? सगळ्यांनी उठून होंडाच्या शोरूममध्ये जायला पाहिजे होतं. स्कूटरमध्ये ॲक्टिव्हाने रान मारलं, ते वेगळं. पण स्प्लेंडरवाला हलला नाही. त्याने पुन्हा स्प्लेंडरच घेतली. आजही खेड्यात लोक तिला "हिरो होंडा" म्हणतात, गाडीवर कुठेही होंडा लिहिलेलं नसताना. म्हणजे निष्ठा होंडाशी नव्हती, हिरोशीही नव्हती. मग कोणाशी होती? एसटी स्टँडमागच्या त्या गॅरेजवाल्याशी, जो डोळे मिटून तिचा कार्बोरेटर खोलायचा. किराणा दुकानाशेजारच्या त्या स्पेअर पार्टवाल्याशी, ज्याच्याकडे क्लच प्लेट कायम असायची. आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक दारात येणार, या खात्रीशी.

वडील जेव्हा "स्प्लेंडर घे" म्हणतात ना, तेव्हा ते ब्रँड सांगत नाहीत. "रस्त्यात अडकू नकोस," एवढंच सांगत असतात.

आरएक्स १०० ची तऱ्हा उलटी. १९८५ मध्ये आली, १९९६ मध्ये बंद. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, वजन जेमतेम शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे पिकअप असा की मागे बसलेल्याने धरून बसावं. बंद होऊन तीस वर्षं झाली, आणि कोल्हापुरात आजही चांगल्या कंडिशनची आरएक्स मागा, नव्या गाडीएवढे पैसे सांगतात. त्यात सुरुवातीच्या लॉटची, जपानचे पार्ट असलेली असेल तर मालक बोलायलाच तयार नाही. पण हे भक्त यामाहाच्या शोरूममध्ये जातात का? फारसे नाही. त्यांचं प्रेम यामाहावर नाहीच. एका आवाजावर आहे, टू-स्ट्रोकच्या धुराच्या वासावर आहे, काकाच्या तरुणपणावर आहे. कंपनीला यातून एक रुपया मिळत नाही. मला हे प्रेम आवडतं, पण एक सांगतो. त्या गाडीला पुढे-मागे ड्रम ब्रेक आहेत. रील बघून पहिली गाडी म्हणून आरएक्स घेणाऱ्यांनी आधी समोर कुत्रं आडवं आलंय असं समजून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून बघावा.

आता बुलेट. चुलतभाऊ ऐकत असेल तर रागवू नको.

१९५५ पासून मद्रासमध्ये बुलेट जोडली जाऊ लागली, आधी लष्करासाठी. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, आपली चालू राहिली. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. ज्याने बुलेटवर शिकलं त्याला दुसऱ्या गाडीवर बसवलं की ब्रेकऐवजी गिअर दाबायचा! इथे निष्ठा डोक्यात नव्हती, पायात होती. १९९४ मध्ये आयशरने कंपनी घेतली, २००० च्या सुमारास ती विकायची की बंद करायची असा विचार चालू होता, तेव्हा सिद्धार्थ लाल या तरुण पोराने ती हातात घेतली. हळूहळू गिअर डावीकडे आले. २००९ ला क्लासिक आली, नवं इंजिन आलं आणि जुनं कास्ट आयर्नचं इंजिन गेलं. तेव्हा जुन्या बुलेटवाल्यांनी सुतक पाळलं म्हणा ना. "फायरिंग गेलं, आता काय राहिलं?" पण तेल गळायचं कमी झालं, सेल्फवर सुरू व्हायला लागली, आणि ज्यांनी आधी कधी बुलेटकडे बघितलं नव्हतं ते रांगेत उभे राहिले. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात कंपनीने १० लाखांच्या वर गाड्या विकल्या. माझं मत सांगतो: जुन्या भक्तांचं सगळं ऐकलं असतं तर ही कंपनी आज नसती.

भक्तीची दुसरी बाजूही बघा. मे २०२१ मध्ये याच कंपनीने बुलेट, क्लासिक आणि मिटिऑर मिळून जवळपास २ लाख ३७ हजार गाड्या तपासणीला परत बोलावल्या. इग्निशन कॉइलमध्ये दोष निघाला होता. मिसफायर होऊ शकतं, क्वचित शॉर्ट सर्किट होऊ शकतं, असं कंपनी स्वतः सांगत होती. आणि कंपनी स्वतः "गाडी घेऊन या" म्हणत असताना कट्ट्यावर काय ऐकू येतं? "आपल्या गाडीला काय होत नाय. हे सगळं दुसऱ्या कंपन्यांचं राजकारण." रिकॉल कुठल्याही कंपनीचा असो, मेसेज आला तर जा. पार्ट फुकट बदलून मिळतो, यात इज्जत जात नाही.

माणूस असा का वागतो? अमेरिकेत १९५७ साली एक अभ्यास छापून आला होता. ज्यांनी नुकतीच नवी कार घेतली होती, ते घेतल्यानंतर जाहिराती कुठल्या वाचतात, हे पाहिलं. तर ते जास्त करून स्वतःच घेतलेल्या कारच्या जाहिराती वाचत होते! घेऊन झाल्यावर! म्हणजे माणूस माहितीसाठी वाचत नव्हता, आपण बरोबरच केलं हे स्वतःला पटवत होता. आज आपण तेच यूट्यूबवर करतो. गाडी बुक केली की त्याच गाडीचे पन्नास रिव्ह्यू बघायचे आणि ज्याने नावं ठेवली त्याच्या कमेंटमध्ये जाऊन त्याचा उद्धार करायचा. अडीच लाख घातलेत ना, मग मन वकील होतं.

त्यात ग्रुप आला. ग्रुप वाईट नाही. रात्री अकरा वाजता आंबेनळी घाटात पंक्चर झालं तर कंपनीचा टोल-फ्री नंबर येत नाही, ग्रुपमधला पोरगा पंप घेऊन येतो. हे ज्याने अनुभवलंय तो त्या गाडीला कधीच नावं ठेवणार नाही, आणि मला त्याचं कारण समजतं. फक्त पंप घेऊन आलेला पोरगा वेगळा आणि कंपनी वेगळी.

तर कराडच्या मित्रा, तुला माझं उत्तर. आधी तुझ्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत तिन्ही गाड्यांचे चांगले मेकॅनिक कोण आहेत ते शोध. शोरूमवाला नाही, मेकॅनिक. त्याला विचार, या गाडीचं काय जातं आणि तो पार्ट किती दिवसांत येतो. चेन स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, टायर, या चार गोष्टींचा खर्च कागदावर लिही. रोजचे किलोमीटर लिही. मग तिन्ही चालवून बघ, आणि नुसती शोरूमच्या गल्लीत नको, ट्रॅफिकमध्येही. एवढं करून ड्यूक घ्यावीशी वाटली तर ड्यूक घे, मी वडिलांशी बोलतो! स्प्लेंडर घेतलीस आणि ग्रुपने राईडला नाही घेतलं, तर मला मेसेज कर. आमच्या राईडला एक स्प्लेंडरवाला आहे, महाबळेश्वरला सगळ्यांच्या आधी पोचतो, कारण तो पेट्रोलला थांबतच नाही.

पुढच्या एपिसोडमध्ये सेकंडहँड गाडी घेताना कागदपत्रं कशी तपासायची ते बघू, आरटीओच्या फेऱ्यांसकट. तोपर्यंत तुमच्या घरातली पहिली गाडी कुठली होती आणि ती कोणी, का घेतली, याची व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, आणि प्लीज, मागे सायलेन्सरचा आवाज नको.