हृदय जपावे, हाडेही जपावीत



१८५७ च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या शताब्दीच्या वर्षी, १७ ऑगस्ट १९५७ रोजी, ग्वाल्हेर येथे शारीरिक शिक्षणाचे एक महाविद्यालय स्थापन झाले. ज्या नगरीत झाशीच्या राणीने देह ठेवला, तेथील या संस्थेस तिचेच नाव देण्यात आले. व्यायाम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अशा संस्थांतील पीळदार तरुण उभे राहतात. परंतु मला आज बोलावयाचे आहे ते व्यायामाचे नाव काढताच ज्यांच्या मनात धास्ती उभी राहते त्यांच्याविषयी.

साठी उलटलेली, हृदयविकाराचा झटका एकदा येऊन गेलेला आणि त्यातच हाडे ठिसूळ झाल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले, अशी माणसे पुष्कळ घरांतून आढळतात. चालावे तर छातीत कळ येईल आणि पडावे तर खुबा मोडेल, असा त्यांचा दुहेरी पेच असतो. घरची मंडळीही मायेपोटी म्हणतात, “तुम्ही आपले स्वस्थ बसून राहा.” ही माया मात्र पथ्यावर पडत नाही.

लंडनमधील दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती १९५३ साली प्रसिद्ध झाली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. हाडांचेही तसेच आहे. त्यांच्यावर भार पडला तरच ती बळकट राहतात. अंतराळात देहाचा भार उरत नाही. म्हणून तेथे राहणाऱ्या धडधाकट अंतराळवीरांच्या खुब्याचे हाड दरमहा सुमारे एक टक्का झिजते. बिछान्यावर पडून राहणाऱ्या वृद्धाचे काय होत असेल, ते यावरून ओळखावे.

मग व्यायाम कोणता? येथेच खरी मेख आहे. कारण हृदयाला मानवणारा प्रत्येक व्यायाम हाडांना मानवतोच असे नाही. पोहण्याने हृदयाला लाभ होतो. पण पाण्यात देह हलका होत असल्याने हाडांना त्याचा उपयोग थोडा. उड्यांनी निरोगी हाड बळावते. पण ठिसूळ मणक्यांना त्या सोसत नाहीत. दोहोंना मानवणारा व्यायाम म्हणजे सपाट जमिनीवरून चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग असावा. हृदयाची गती मंद ठेवणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी नाडीच्या ठोक्यांवर विसंबू नये. ही बोलण्याची कसोटीच बरी. आरंभीची व शेवटची पाच-सात मिनिटे सावकाश चालावे. एकदम थांबू नये.

याला दोन जोड द्याव्यात. हात न टेकता खुर्चीवरून उठणे व बसणे, प्रथम पाच वेळा. आणि ओट्याचा आधार घेऊन टाचा उचलणे किंवा एका पायावर क्षणभर उभे राहणे. पहिल्याने मांड्या बळावतात, दुसऱ्याने तोल सुधारतो. आणि जो पडत नाही त्याचे हाड सहसा मोडत नाही. जोर लावताना श्वास मात्र कोंडू नये. त्याने रक्तदाब एकाएकी चढतो.

आता वर्ज्य काय ते सांगतो. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर नेले, हे आपणांस ठाऊक आहेच. तरुणांना तो उत्तम व्यायाम आहे. पण ज्यांचे मणके ठिसूळ झाले आहेत, त्यांनी कमरेतून पुढे वाकण्याचे प्रकार टाळावेत. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत, पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या स्त्रियांपैकी ८९ टक्क्यांच्या मणक्यांना नव्याने इजा झाली. पाठ ताठ करण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. तेव्हा जमिनीवरची घागर उचलतानाही गुडघ्यांत वाकावे.

ग्वाल्हेरसारख्या गावी ऋतूचे भान हवे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो. तेव्हा भल्या पहाटे चालावे. पौष-माघात मात्र पहाटेच्या थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयावर ताण पडतो. शिवाय धुक्यात खाचखळगे दिसत नाहीत. त्या दिवसांत ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. किल्ल्याची चढण तरुणांसाठी सोडावी. फूलबागेचा सपाट परिसर आपल्यासाठी पुरे.

आठवड्याची बेरीज १५० मिनिटांपर्यंत जावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेथवर जाण्याची घाई नको. दहा मिनिटांनी आरंभ करावा. तत्पूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. थोड्याशा श्रमानेही कळ येत असेल, धाप अलीकडे वाढली असेल, तर तपासणी झाल्यावाचून पाऊल उचलू नये. चालताना छातीवर दडपण आले, घाम फुटला वा भोवळ आली, तर तत्काळ बसावे. दडपण काही मिनिटांत न ओसरल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल, तर ती बसूनच घ्यावी; उभ्याने घेतल्यास भोवळ येऊन पडण्याचा धोका असतो.

घरच्या मंडळींना एकच विनंती. वडीलधाऱ्यांना “बसून राहा” म्हणण्याऐवजी “चला, मी बरोबर येतो” असे म्हणावे. त्यांना विश्रांतीहून सोबतीची गरज अधिक आहे.