भाड्याची वस्तू आणि परतीचा अधिकार

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त बुलढाणा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या भागात लग्नकार्य निघाले की बिछायत केंद्रातून सामान येते. पातेली, पराती, गाद्या, खुर्च्या सारे मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे. एखादी परात चेपली तर दोघांच्या देखत भरपाई ठरते आणि हिशेब तिथेच मिटतो. लेखी करार नसतो. पण दोन्ही पक्ष एकमेकांस ओळखतात आणि वस्तू दोघांच्याही डोळ्यांसमोर असते.

आज आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्याला जातात. खोली मिळाल्यावर शीतकपाट आणि धुलाईयंत्र विकत घेण्यापेक्षा ती मोबाइलवरून मासिक भाड्याने मागवतात. त्यात गैर काही नाही. अंथरूण पाहून पाय पसरण्याचाच तो एक प्रकार आहे. मात्र येथे समोर माणूस नसतो, मोजदाद नसते. असतो तो केवळ न वाचता मान्य केलेला करार. वस्तू परत करण्याची वेळ येते तेव्हाच त्या कराराचे खरे रूप दिसते.

मेहकर तालुक्यातील, आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. मुलाने पुण्यात या दोन वस्तू बारा महिन्यांच्या करारावर घेतल्या. मासिक भाडे दीड हजार, अनामत तीन हजार. पाचव्या महिन्यात वडील अंथरुणाला खिळले आणि सोयाबीनची काढणी तोंडावर आली. मुलगा नोकरी सोडून गावी परतला. वस्तू घेऊन जाव्यात, असे त्याने कंपनीला लेखी कळवले. माणूस आला तो चाळीस दिवसांनी, मित्राकडून वस्तू नेण्यासाठी. नंतर हिशेब आला : मुदतपूर्व समाप्तीबद्दल तीन हजार, चाळीस दिवसांचे भाडे दोन हजार आणि यंत्रावरील ओरखड्याबद्दल अठराशे. अनामत वळती करून वर आणखी ३,८०० रुपयांची मागणी. वडील म्हणाले, "जाऊ दे बाबा, देऊन टाक. कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढतोस?"

हे "जाऊ दे" हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ही वृत्ती सज्जनपणातून येते, हे खरे. पण सज्जनाचे मौन हेच अन्यायाचे भांडवल ठरते, हेही तितकेच खरे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मन बदलले म्हणून ऑनलाइन सौदा ठरावीक दिवसांत विनाकारण रद्द करण्याचा सरसकट अधिकार आपल्या आजच्या कायद्यात नाही. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाद्वारे दूरस्थ सौद्यांसाठी चौदा दिवसांची अशी मुदत दिली. ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे असे मात्र कोणी समजू नये. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात 'विक्रीतक्रीतानुशय' हे प्रकरणच आहे. अनुशय म्हणजे सौद्यानंतरचा पश्चात्ताप. त्यासाठी व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, तर गोपालकांना पाच रात्रींची मुदत सांगितली आहे. नियम खरेदी-विक्रीचा आहे, भाड्याचा नव्हे. तरी बाजारात मुरलेल्या माणसाला कमी आणि बाजारापासून दूर असलेल्याला अधिक अवधी, ही दृष्टी लक्षात घेण्याजोगी आहे.

मग आज आपल्या हाती काय आहे? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. मोबदला देऊन सेवा भाड्याने घेणारा या कायद्याने ग्राहक ठरतो. त्याच महिन्यात आलेल्या ई-वाणिज्य नियमांनुसार, कंपनी स्वतः एकतर्फी सौदा रद्द केल्यास तसाच आकार सोसणार नसेल, तर मागणी नोंदवून ती रद्द करणाऱ्या ग्राहकाकडून तिला रद्दीकरणाचा आकार घेता येत नाही. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात निवारण करावे, असेही बंधन आहे. सेवा घेणे सोपे आणि सोडणे मुद्दाम अवघड करून ठेवणे, या प्रकाराला ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तेरा फसव्या रचनांमध्ये गणले आहे.

वस्तू घरात येऊन वापरात आल्यावर मात्र कराराच्या अटी पुढे येतात. त्या अटीही सर्वस्वी मालकाच्या मर्जीच्या नसतात. अवाजवी अनामत आणि करारभंगाने झालेल्या हानीच्या मानाने अवास्तव दंड या गोष्टी २०१९ च्या कायद्यात अन्याय्य कराराच्या व्याख्येत येतात. अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आयोगाला आहे आणि त्याचे खंडपीठ नागपूरला बसते. घरबांधणी व्यावसायिकाने केलेल्या करारातील एकतर्फी अटी ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये पायोनियर अर्बन प्रकरणात म्हटले होते. सही केली म्हणजे सारे संपले, असे नाही.

आता त्या मुलाचा हिशेब पुन्हा मांडू. मुदतपूर्व समाप्तीचा आकार करारात स्पष्ट लिहिलेला होता आणि वर्षाच्या बोलीमुळेच भाडे कमी लागले होते. आपल्या घरची अडचण कितीही खरी असली, तरी दिलेला शब्द आपणही पाळला पाहिजे. हे तीन हजार त्याने मान्य केले. परंतु वस्तू न्या, असे कळवल्यानंतरचे चाळीस दिवस हा कंपनीचा विलंब होता. त्याचे भाडे ग्राहकाने का द्यावे? आणि ओरखडा कधी पडला, याचे एकही छायाचित्र कंपनीकडे नव्हते. मुलाकडे मात्र वस्तू आल्या दिवशीची आणि नेल्या दिवशीची छायाचित्रे होती. त्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याला मुद्देसूद पत्र लिहिले. उत्तर आले नाही, तेव्हा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ३,८०० रुपयांची मागणी मागे घेण्यात आली. वकील लागला नाही, पायरी चढावी लागली नाही.

समजा, हेल्पलाइनने काम झाले नसते तर? कराराच्या तळाशी बहुधा लिहिलेले असते की वाद अमुक महानगराच्या न्यायालयातच चालेल. ते वाचून माणूस खचतो. परंतु २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मेहकरचा, संग्रामपूरचा किंवा देऊळगाव राजाचा ग्राहक बुलढाण्यातच तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. लवादाची अट आयोगाचे दार बंद करू शकत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ प्रकरणात स्पष्ट केले आहे. निकालाला वेळ लागतो, हे मी लपवणार नाही. पण दार घरापासून जवळ आहे आणि उघडे आहे.

म्हणून कुटुंबांना काही सूचना कराव्याशा वाटतात. मुलाने करार मान्य करण्यापूर्वी तो घरातील एका वडीलधाऱ्या माणसाला वाचून दाखवावा. किमान मुदत किती, लवकर परत केल्यास आकार किती, वस्तू किती दिवसांत नेणार, अनामत केव्हा परत मिळणार आणि मुदत संपल्यावर करार आपोआप वाढतो का, हे पाच प्रश्न विचारावेत. वस्तू येताना आणि जाताना छायाचित्रे काढावीत, नेणाऱ्याकडून पोच घ्यावी. रद्द करण्याची सूचना नेहमी लेखी द्यावी. बँक खात्यातून आपोआप होणारी कपात ग्राहकाला थांबवता येते; पण कपात थांबली म्हणजे करार संपला असे नाही, हे विसरू नये.

१९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षणाचा कायदा नव्हता. तो २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींच्या संमतीने झाला आणि म्हणून आपण हा दिवस पाळतो. आधी संघटित ग्राहक उभा राहिला, कायदा मागाहून आला. आज कायदा आहे, पण ग्राहक एकेकटा आपल्या मोबाइलपुढे बसला आहे. आपल्या वस्तीतील एका कार्यकर्त्याने आठवड्यातून एक तास दिला आणि शेजारच्या मुलाचे तक्रारीचे पत्र नीट लिहून दिले, तरी पुष्कळ काम होईल.

मोजून घ्यावे, मोजून द्यावे, ही आपल्या गावची रीत. ती मोबाइलच्या व्यवहारातही टिकवणे आपल्या हाती आहे.